विषाणूला वगळून मेंदूपर्यंत

१९९६ मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात कॅनाव्हन आजाराच्या दोन मुलांच्या मेंदूत एक निरोगी जनुक सोडण्यात आले. हा आजार जन्मजात आहे. एका विकराचे जनुक बिघडलेले असते, त्यामुळे मेंदूतल्या चेतातंतूंवरचे मेदाचे आवरण नीट बनत नाही आणि मूल मान धरण्याच्या वयापासूनच मागे पडू लागते. मॅथ्यू ड्युरिंग आणि पाओला लिओने यांच्या गटाने जनुक असलेले डीएनएचे वर्तुळ मेदाच्या वेष्टनात गुंडाळून मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीत दिले होते. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारावर माणसात झालेला हा पहिला जनुकोपचार, आणि त्यात विषाणू नव्हता. उपचार मुलांना सोसला, काही रासायनिक बदलही दिसले, पण फायदा टिकला नाही. २००१ मध्ये याच संशोधकांनी पुढची चाचणी सुरू केली तेव्हा त्यांनी एएव्ही हा विषाणू वाहक म्हणून निवडला. पुढची दोन दशके मेंदूचा जनुकोपचार म्हणजे विषाणू, असेच समीकरण राहिले. आता विषाणूविना जाणारी वाट पुन्हा चर्चेत आहे. या वाटेचा हिशेब नेहमी चुकीच्या कसोटीवर मांडला जातो, असे मला वाटते. विषाणू जे काम करतो तेच काम मेदकण तेवढ्याच ताकदीने करतील का, असे विचारले तर उत्तर आज तरी ‘नाही’ असेच येते. पण मेंदूच्या आजारांना लागणारी कामे एकाच प्रकारची नाहीत. संदेश लहान असेल, तो पुन्हा पुन्हा द्यावा लागणार असेल किंवा काम झाल्यावर निघून जायला हवा असेल, तर विषाणू हा गैरसोयीचा वाहक ठरतो. महाराष्ट्रासारख्या राज्याने आपली शक्ती कुठे लावावी हा प्रश्नही याच भेदावर सुटतो.

अडचण कुठे आहे, हे आधी पाहू. पॉल एर्लिख यांनी १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले तेव्हा सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. त्याचे कारण १९६७ मध्ये रीस आणि कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले: मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की त्यांच्या फटींतून काहीच झिरपत नाही. माणसाच्या मेंदूत अशा केशवाहिन्यांची एकूण लांबी सुमारे ६०० किलोमीटर भरते, म्हणजे रक्त जवळजवळ प्रत्येक चेतापेशीच्या शेजारून जाते. अंतर केसाच्या जाडीहून कमी, तरी प्रवेश बंद. शिरेतून दिलेल्या मेदकणांचे आणखी एक दुर्दैव म्हणजे रक्तात शिरताच अपोलिपोप्रोटीन-ई नावाचे प्रथिन त्यांना चिकटते आणि यकृतात ओढून नेते. २०१८ मध्ये मान्यता मिळालेले पॅटिसिरान हे मेदकणांतून जाणारे आरएनए औषध यशस्वी झाले ते याच ओढीमुळे, कारण त्याला यकृतातच जायचे होते. भिंत ओलांडली तरी काम संपत नाही. पेशीने गिळलेला कण पेशीच्या पोटातल्या पिशवीत अडकतो, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार मेदकणांतून दिलेल्या आरएनएपैकी जेमतेम एक ते दोन टक्के त्या पिशवीबाहेर पडते. डीएनए असेल तर त्यापुढे पेशीकेंद्राचे दार आहे. विभाजन होणाऱ्या पेशीत ते दार मधूनमधून उघडते. चेतापेशी प्रौढपणी विभागतच नाहीत. ऑकलंडच्या प्रयोगाला मर्यादा कुठून आल्या असाव्यात, हे या शेवटच्या मुद्द्यावरून बरेचसे समजते.

विषाणूने हे सगळे अडथळे कोट्यवधी वर्षांत स्वतःच सोडवलेले आहेत, आणि त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, या आजाराच्या बाळांना २०१९ पासून मिळू लागलेले झोल्गेन्स्मा शिरेतल्या एकाच सलाईनने चेतापेशींपर्यंत जनुक पोहोचवते, आणि जी मुले दोन वर्षांची होण्याआधी दगावली असती ती बसू लागली, काही चालूही लागली. एएडीसी या विकराच्या अभावाच्या आजारावर मेंदूत थेट सोडायच्या जनुकोपचाराला युरोपने २०२२ मध्ये आणि अमेरिकेने २०२४ मध्ये मान्यता दिली. हे खरे यश आहे. पण त्याची किंमतही खरी आहे. एएव्हीच्या कवचात सुमारे ४,७०० अक्षरांएवढाच मजकूर मावतो. मेंदूच्या कितीतरी आजारांची जनुके याहून मोठी आहेत. एकदा मात्रा घेतली की शरीर प्रतिपिंडे तयार करते आणि दुसरी मात्रा जवळजवळ अशक्य होते. कितीतरी लोकांत ती प्रतिपिंडे आधीपासूनच असतात. झोल्गेन्स्माची मात्रा दर किलो वजनामागे अकरावर तेरा शून्ये इतके विषाणूकण अशी असते. एवढा लोंढा यकृताला झेपत नाही तेव्हा गंभीर दुष्परिणाम होतात. २०२५ मध्ये स्नायूंच्या आजारासाठी दिलेल्या एका एएव्ही उपचारानंतर यकृत निकामी होऊन रुग्ण दगावले आणि त्या औषधाच्या वापरावर निर्बंध आले.

दुसऱ्या बाजूला, विषाणूविना मेंदूपर्यंत पोहोचलेली औषधे आज रुग्णांच्या हातात आहेत, फक्त त्यांना कोणी जनुकोपचार म्हणत नाही. एसएमएवरचे नुसिनर्सेन २०१६ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते अँटिसेन्स, म्हणजे जनुकाच्या संदेशाला चिकटणारा, रासायनिक रीतीने बनवलेला न्यूक्लिक आम्लाचा छोटा तुकडा आहे. पाठीच्या मणक्यात सुई घालून तिथल्या द्रवात दिले जाते, चेतापेशी ते स्वतःहून आत घेतात, आणि शरीरात शिल्लक असलेल्या दुय्यम जनुकाचा संदेश दुरुस्त होतो. पहिल्या दोन महिन्यांत चार मात्रा आणि मग दर चार महिन्यांनी एक. २०२३ मध्ये टोफर्सेन आले, एएलएस या चेतापेशींच्या ऱ्हासाच्या आजाराच्या एका जनुकीय प्रकारासाठी. अल्झायमरशी संबंधित एपीपी जनुक दाबणाऱ्या आरएनएला सोळा कार्बनांची मेदशृंखला जोडून केलेल्या मानवी चाचणीत एका मात्रेनंतर मणक्यातल्या द्रवातील संबंधित प्रथिन काही रुग्णांत ८० टक्क्यांहून अधिक घटले आणि परिणाम कित्येक महिने टिकला. तिथे मेदकणही नव्हता, फक्त एक शेपटी होती. बॉस्टनमध्ये तर टिमोथी यू यांच्या गटाने एकाच मुलीच्या एकाच जनुकदोषासाठी बेतलेले औषध निदानानंतर वर्षभरात तयार करून २०१८ मध्ये तिला दिले. यावर आक्षेप असा की हा जनुकोपचारच नव्हे, कारण कोणतेही नवे जनुक दिलेले नाही. व्याख्येपुरता तो बरोबर आहे. पण रुग्णाच्या बाजूने पाहिले तर बिघाड जनुकीय आहे, औषध न्यूक्लिक आम्लाचे आहे आणि पोहोचवण्याची समस्या तीच आहे. आणि ही पद्धतही नेहमी जिंकत नाही. हंटिंग्टन आजारावरच्या टोमिनर्सेनची मोठी चाचणी २०२१ च्या मार्चमध्ये थांबवावी लागली, कारण सततच्या मात्रांनी रुग्णांना फायदा होत नव्हता. औषध पोहोचणे आणि औषधाने गुण येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे कळले.

मणक्यातून दिलेले औषध मेंदूच्या वरच्या थरांत चांगले पसरते, खोल गाभ्यात कमी. म्हणून रक्तातून जाण्याचा ध्यास सुटत नाही. या आघाडीवर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातला प्रयोग. डॉ. प्रिया कुमठेकर यांच्या नेतृत्वाखाली ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा कर्करोग उलटलेल्या आठ रुग्णांना शस्त्रक्रियेआधी शिरेतून सोन्याचे अतिसूक्ष्म कण देण्यात आले. कणांभोवती कर्करोगाच्या एका जनुकाला गप्प करणारे आरएनए दाट रोवलेले होते. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीच्या ऊतीत ते सोने सापडले, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, भक्षकपेशींत आणि खुद्द कर्कपेशींतही. हा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्रा मुद्दाम अत्यल्प ठेवली होती, त्यामुळे आजार बरा होण्याचा प्रश्नच नव्हता. औषध पोहोचते का एवढेच पाहायचे होते, आणि ते माणसाच्या ऊतीत पाहिले गेले. अशी प्रामाणिक, मर्यादित आणि थेट चाचणी या क्षेत्रात दुर्मीळ आहे. अर्थात गाठीतली रक्तवाहिन्यांची भिंत आधीच ठिकठिकाणी गळकी असते, त्यामुळे निरोगी मेंदूबद्दल या प्रयोगावरून फारसे बोलता येत नाही. गाठीत थेट मेदकण टोचण्याचे प्रयत्न त्याआधी जर्मनीतल्या कोलोनमध्ये आणि जपानमधल्या नागोयात झाले होते; दोन्हीकडे रुग्ण थोडे होते आणि पुढे मोठी चाचणी उभी राहिली नाही.

निरोगी भिंत ओलांडायचा दुसरा मार्ग म्हणजे तिच्यावरच्या नैसर्गिक दारांचा उपयोग. लोह मेंदूत नेण्यासाठी केशवाहिन्यांवर ट्रान्सफेरिनचा ग्राहक असतो, आणि त्याला धरणारे प्रतिपिंड औषधाला जोडले की दोन्ही आत जातात. जपानने २०२१ मध्ये हंटर आजारावर असेच एक विकर मान्य केले, म्हणजे प्रथिनांसाठी हा मार्ग माणसात सिद्ध झाला. जनुकांसाठी तो अजून सिद्ध व्हायचा आहे. विल्यम पार्ड्रिज यांच्या गटाने २००३ मध्येच इन्सुलिनच्या ग्राहकाला धरणाऱ्या प्रतिपिंडांनी सजवलेल्या मेदकणांतून माकडाच्या मेंदूत शिरेवाटे जनुक पोहोचवल्याचे दाखवले होते. त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, पण त्या पद्धतीचे एकही औषध बाजारात आलेले नाही. या क्षेत्रातल्या उत्साही लेखांनी हे वाक्य पहिल्या पानावर छापावे असे मला वाटते. सूक्ष्म बुडबुडे आणि ध्वनिलहरी वापरून भिंत काही तासांपुरती उघडण्याची पद्धत मात्र अधिक आश्वासक दिसते. टोरंटोच्या सनीब्रूक रुग्णालयाने ती रुग्णांत सुरक्षितपणे करून दाखवली आहे, आणि अनेक प्रकारच्या कणांसाठी दार उघडता येते हा तिचा मोठा गुण आहे.

या सगळ्या प्रयत्नांना खरे वजन येते ते जनुक-संपादनामुळे. जनुक बदलून द्यायचे असेल तर ते आयुष्यभर काम करत राहायला हवे, म्हणून विषाणू बरा. पण क्रिस्परसारख्या संपादकाने एकदा काटछाट केली की त्याचे काम संपते. त्यानंतर तो चेतापेशीत वर्षानुवर्षे बनत राहिला तर नको तिथे कापण्याचा धोका वाढतच जातो. एएव्ही नेमके हेच करतो. मेदकणांतून दिलेले एमआरएनए मात्र काही दिवसांत विरघळते, आणि त्याला पेशीकेंद्रात शिरायचेही नसते. ज्या अल्पजीवीपणामुळे जनुक-पुरवठ्यात विषाणूविना वाट मागे पडली, तोच गुण इथे तिच्या बाजूने उभा राहतो. यकृतात हे सिद्ध झालेले आहे. २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात किरण मुसुनुरू आणि रेबेका आरेन्स-निक्लस यांनी एका बाळाच्या एकाच अक्षरदोषासाठी संपादक घडवून मेदकणांतून तीन मात्रांत दिला. विषाणूतून तीन मात्रा देताच आल्या नसत्या. मेंदूसाठी आधार अजून उंदरांपुरता आहे: २०१८ मध्ये सोन्याच्या कणांवरून क्रिस्परचे प्रथिन मेंदूत टोचून फ्रॅजाइल-एक्स या जनुकीय आजाराच्या उंदरांचे एकच कृती वारंवार करणे कमी झाले. विषाणू नाही म्हणजे धोका नाही, असा समज कोणी करून घेऊ नये. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मेदकणांतून दिलेल्या एका क्रिस्पर औषधाच्या मोठ्या चाचण्या यकृताच्या गंभीर इजेमुळे थांबवाव्या लागल्या. तरीही मात्रा हळूहळू वाढवता येणे आणि त्रास दिसताच थांबता येणे ही सोय विषाणूत नाही, आणि मेंदूसारख्या अवयवात तिचे मोल फार आहे.

आता आपल्याकडे पाहू. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा नॅनोविज्ञान विभाग आहे, कसबा बावड्याच्या डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात नॅनोपदार्थांवर काम चालते, शहरात आणि आसपास औषधनिर्माणशास्त्राची अनेक महाविद्यालये आहेत. महाराष्ट्रातल्या अशा महाविद्यालयांत मेंदूकडे औषध नेण्याचा आवडता विषय म्हणजे नाकाची वाट: सूक्ष्मकण नाकात टाकायचे आणि गंधचेतेच्या मार्गाने ते भिंत चुकवून मेंदूत जातात असे दाखवायचे. कल्पना चुकीची नाही. पण उंदीर-घुशींच्या नाकाच्या आतल्या पृष्ठभागाचा निम्म्याच्या आसपास भाग गंधाचा असतो, माणसात तो दहा टक्क्यांहून कमी. घुशीचा मेंदू सुमारे दोन ग्रॅमचा, माणसाचा चौदाशे ग्रॅमचा. आणि माणसाच्या एका नाकपुडीत एका वेळी दोन-तीन थेंबांपलीकडे औषध राहत नाही. घुशीत यशस्वी झालेला प्रयोग या तीन आकड्यांपुढे तपासला नाही तर तो प्रबंधापुरताच राहतो. हा दोष फक्त नाकाच्या वाटेचा नाही. कर्करोगाच्या गाठींवरचे दहा वर्षांचे संशोधन २०१६ मध्ये एकत्र करून पाहिले तेव्हा दिलेल्या सूक्ष्मकणांपैकी मध्यकाच्या हिशेबाने ०.७ टक्केच गाठीत पोहोचल्याचे दिसले. कण किती गोल झाला यापेक्षा किती पोहोचला आणि बाकीचा कुठे गेला, हे मोजणारे काम हवे.

महाराष्ट्राला मेदकण नवे नाहीत. लिपोसोममधून अँफोटेरिसिन हे बुरशीवरचे औषध देण्याचे काम मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने काही दशकांपूर्वीच केले होते, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस पसरला तेव्हा याच प्रकारच्या इंजेक्शनसाठी गावोगावचे नातेवाईक धावत होते. पुण्याच्या जेनोव्हाने २०२२ मध्ये देशातली पहिली एमआरएनए लस मान्य करून घेतली. तिला उणे तापमानाची गरज नाही, २ ते ८ अंशांत ती राहते. संदेश लिहिणे, तो मेदात बांधणे, तो जिल्ह्याच्या शीतपेटीत टिकवणे ही तीनही कौशल्ये या राज्यात आहेत. यावर कोणी म्हणेल की मुंबईने विषाणू वापरूनही स्वस्त उपचार केला: आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांचा नेक्सकार-१९ हा रक्ताच्या कर्करोगावरचा उपचार २०२३ मध्ये मान्य झाला आणि परदेशातल्या किमतीच्या अल्पांशात मिळतो. तो अभिमानाचाच विषय आहे. पण तिथे विषाणू रुग्णाच्या शरीराबाहेर, काढून घेतलेल्या पेशींना द्यायचा असतो. शरीरभर सोडण्याएवढा शुद्ध एएव्ही बनवणे हे प्रमाणच वेगळे, आणि त्याची किंमत २०२१ मध्ये आपण पाहिली, जेव्हा मुंबई-पुण्यातल्या बाळांच्या आईवडिलांना झोल्गेन्स्माच्या १६ कोटींसाठी लोकांपुढे हात पसरावा लागला. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातून मिळणारी मदत जास्तीत जास्त ५० लाखांची आहे.

न्यूक्लिक आम्लाची औषधे तरी कुठे स्वस्त आहेत, हा आक्षेप सर्वांत जड आहे. नुसिनर्सेनची अमेरिकेतली पहिल्या वर्षाची किंमत साडेसात लाख डॉलर ठेवली गेली होती. पण ही किंमत पेटंटची आहे, घडवण्याची नाही. एसएमएवरचेच रिस्डिप्लाम हे तोंडाने घ्यायचे औषध याचा दाखला आहे. मूळ कंपनी रोशची बाटली भारतात सुमारे ६ लाखांना होती. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयीन लढाई जिंकून नॅटको या भारतीय कंपनीने ती १५,९०० रुपयांना आणली. रिस्डिप्लाम हा साधा रेणू आहे, अँटिसेन्स त्याहून किचकट, तरी दोन्ही रासायनिक संश्लेषणानेच बनतात आणि भारतीय उद्योगाचा हात तिथेच बसलेला आहे. विषाणूची नक्कल अशी होत नाही, कारण तिथे घडवण्याची प्रक्रियाच औषध असते.

दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात मामाच्या मुलीशी लग्नाची चाल अजून आहे, आणि दोन्हीकडून बिघडलेले जनुक आले तरच होणारे मेंदूचे आजार अशा घरांत अधिक दिसतात. ज्या राज्यात अशा मुलाचे निदानच वर्षानुवर्षे होत नाही, तिथे मेदकणांवर पैसा का घालावा, असे विचारणे रास्त आहे. माझे उत्तर असे की निदान आणि उपचार एकमेकांना ओढतात. मणक्यात सुई घालणे कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर रुग्णालयात आजही होते, म्हणून मणक्यातून देता येणारा उपचार इथल्या मुलाला इथेच मिळू शकतो; कवटीला छिद्र पाडून खोल गाभ्यात विषाणू सोडायचा उपचार फार तर दोन-तीन महानगरांपुरता राहील. पण त्यासाठी आधी मुलाच्या रक्ताची जनुक-तपासणी सरकारी दरात व्हायला हवी, आणि ती नवजात वयात.

आजच्या घडीला, विषाणूविना शिरेतून दिलेला एकही जनुकोपचार मेंदूच्या आजारासाठी जगात कुठेही मान्य झालेला नाही. मणक्यातून दिलेल्या न्यूक्लिक आम्लांनी मात्र मुले जगवली आहेत. म्हणून कोल्हापूरच्या विद्यापीठांतील आणि औषधनिर्माण महाविद्यालयांतील मार्गदर्शकांना माझी विनंती आहे: पुढच्या प्रबंधाला मंजुरी देताना मेंदूबरोबर यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडातही किती कण गेले याची मोजणी सक्तीची करा, फसलेले निकालही छापा, आणि शस्त्रक्रियेत काढलेली मेंदूची ऊती नातेवाइकांच्या संमतीने आणि नीतिसमितीच्या परवानगीने संशोधनाला मिळावी म्हणून शहरातल्या मेंदूशल्यविशारदांशी आजच बोलणी सुरू करा.